संगणकाशी गट्टी : जुने घोडेस्वार का पेंगतात?

सुट्ट्या लागल्या की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूरच पालटतो. एरवी ‘प्रकल्पासाठी माहिती हवी’ म्हणून मागे लागणारी तुम्ही मंडळी मे महिन्यात सरळ खेळांवर घसरता. यंदा एकच प्रश्न तीन-चार जणांनी विचारलाय. त्यातलं सगळ्यात लांबलचक पत्र हे :

‘बाबांनी माळ्यावरून ‘एज ऑफ एम्पायर्स’ची जुनी सीडी काढली. कॉलेजात असताना ते रात्ररात्र हा खेळ खेळायचे म्हणे. आमचा लॅपटॉप नवा आहे, १६ गीगाबाइट मेमरीचा. खेळ सुरू झाला, पण घोडेस्वार अडखळत चालतात आणि माऊसचा बाण हाताच्या मागे मागे राहतो. बाबा म्हणतात, लॅपटॉपच खराब आहे. दुकानवाले काका म्हणतात, मेमरी वाढवा. आई म्हणते, बरं झालं. खरं कोणाचं?’

आईचं आपण बाजूला ठेवू. त्यात पडायची माझी हिंमत नाही. पण बाबांचं आणि दुकानवाल्या काकांचं, दोघांचंही म्हणणं चूक आहे, आणि ते कसं ते कळलं तर घरातले चार पैसे वाचतील.

आधी साधा हिशेब करा. हा खेळ १९९७ सालचा. त्याच्या खोक्यावर लिहिलेलं असायचं : ९० मेगाहर्ट्झचा पेंटियम आणि १६ मेगाबाइट मेमरी असली तरी पुरे. एका गीगाबाइटमध्ये १०२४ मेगाबाइट. म्हणजे या लॅपटॉपमध्ये खेळाला हवी त्याच्या १०२४ पट मेमरी आहे! ती आणखी दुप्पट केली तर घोडेस्वार धावतील का? वाटीभर आमटीला पातेलं पुरत नसेल तर हंडा आणून काय होणार? गडबड दुसरीकडेच आहे.

ती समजायला जरा मागे जाऊ. लपाछपी खेळताना ज्याच्यावर राज्य असतं तो शंभरपर्यंत आकडे मोजतो. एखादा शहाणा ‘एक-दोन-तीन’ असं नीट म्हणतो, तर एखादा बिलंदर ‘एकदोनतीनचार’ करत दहा सेकंदांत शंभर गाठतो. लपणाऱ्यांना मिळणारा वेळ मोजणाऱ्याच्या जिभेवर अवलंबून! अगदी जुने संगणक खेळ असेच होते. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पीसीचा वेग होता ४.७७ मेगाहर्ट्झ. खेळ लिहिणाऱ्याला दोन पावलांमध्ये जरा थांबायचं असलं, की तो प्रोग्रामला उगीचच काही हजारांपर्यंत आकडे मोजायला लावायचा. घड्याळ बघायचंच नाही. पुढे दुप्पट-चौपट वेगाचे संगणक आले आणि मोजणारा बिलंदर झाला. खेळातली माणसं पिसाट धावू लागली. म्हणूनच त्या काळच्या कित्येक संगणकांवर ‘टर्बो’ नावाचं बटण असायचं. नावावरून वाटतं, दाबलं की वेग वाढेल. प्रत्यक्षात त्याचा खरा उपयोग संगणकाला मुद्दाम मंद करायला व्हायचा. घरात कोणाला आठवतंय का, विचारून बघा.

वेग आणि यंत्र यांच्या या नात्यातून एक झकास गोष्टही जन्माला आली. जपानमध्ये १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला. त्यात परग्रहवासीयांची पलटण पडद्यावर सरकत खाली येते. इतकी सगळी चित्रं काढताना बिचाऱ्या प्रोसेसरची दमछाक व्हायची, त्यामुळे पलटण हळू चालायची. तुम्ही एकेक शत्रू टिपत गेलात की चित्रं कमी, काम कमी, आणि उरलेले आणखी जोरात! निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं. शेवटच्या एकट्या शत्रूला टिपताना हाताला घाम फुटतो तो यामुळे.

याच्या उलट एक फजिती. ‘टर्बो पास्कल’ या भाषेत लिहिलेले कित्येक प्रोग्राम सुरू होतानाच संगणकाचा वेग मोजायचे आणि त्याचा भागाकार करायचे. पुढे पेंटियम इतके वेगवान झाले, की उत्तर ठरलेल्या जागेत मावेनासं झालं. मग प्रोग्राम ‘चूक क्रमांक २००, शून्याने भागाकार’ असं ओरडून जागीच आडवा व्हायचा. शून्याने कोणीच भागलेलं नसताना!

आता तुम्ही म्हणाल, हे तर खेळ जोरात पळण्याचं झालं, आमचा तर पेंगतोय. बरोबर. पण खेळ आणि त्याखालचं यंत्र यांचं जुळलेलं गणित बिघडलं, की तो दोन्हीकडे कलंडू शकतो, एवढं लक्षात राहू द्या.

डॉसच्या काळात खेळ सुरू झाला की घराची किल्लीच त्याच्या हाती. पडदा, आवाज, कळफलक, सगळ्यावर त्याचंच राज्य. पडद्याचा एक लाडका प्रकार होता ३२० गुणिले २०० ठिपक्यांचा, म्हणजे ६४,००० ठिपके. प्रत्येक ठिपक्यासाठी मेमरीत एक घर. खेळ थेट त्या घरात आकडा टाकायचा आणि पडद्यावर रंग उमटायचा. मध्ये कोणी नाही.

पुढे विंडोज आलं. एका वेळी अनेक प्रोग्राम चालू लागले आणि साहजिकच शिस्त लागली. खेळ लिहिणारे मात्र कुरकुरायला लागले, की या शिस्तीत आमचा वेळ जातो. म्हणून १९९५ साली मायक्रोसॉफ्टने ‘डायरेक्टएक्स’ दिलं. त्यातल्या ‘डायरेक्टड्रॉ’ या भागाने खेळांसाठी जणू मागचं दार उघडून दिलं : या, आणि थेट पडद्याच्या मेमरीत चित्र काढा. ‘एज ऑफ एम्पायर्स’ याच दाराने आत जाणारा खेळ.

मग २००७ साली ‘व्हिस्टा’ आलं आणि त्यात एक नवा कारभारी नेमला गेला. त्याचं काम समजायला शाळेतला भित्तिपत्रकाचा फळा डोळ्यांसमोर आणा. पूर्वी ज्याला वाटेल तो उठून फळ्यावर थेट चित्र काढायचा. एकाचं चित्र दुसऱ्याच्या चित्रावर, खोडाखोड, भांडणं. मग बाईंनी नियम केला : प्रत्येकाने आपापल्या कागदावर चित्र काढून माझ्याकडे द्यायचं, फळ्यावर मीच लावणार. फळा नीटनेटका झाला यात शंका नाही. पण तुमचं चित्र फळ्यावर लागायला आता एक टप्पा वाढला. विंडोजमधल्या बाई म्हणजे हा कारभारी. प्रत्येक प्रोग्रामचं चित्र वेगळं घेऊन सगळ्यांचा मिळून एक पडदा तो तयार करतो. व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये जुना खेळ पूर्ण पडदा मागायला आला की हा कारभारी मुकाट्याने बाजूला व्हायचा. २०१२ च्या विंडोज ८ पासून मात्र तो कायमचा बसला. त्याला बंद करायची सोयच उरली नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर आपल्याला काही जाणवलंही नसतं. खरी मेख रंगांची आहे. आपल्या मासिकांमध्ये ‘अंकांनुसार रंग भरा’ असं कोडं असतं ना? १ म्हणजे निळा, २ म्हणजे हिरवा. जुने खेळ तसेच. प्रत्येक ठिपक्याला फक्त ० ते २५५ यातला एक आकडा, आणि कोणत्या आकड्याला कोणता रंग त्याची यादी वेगळी. हुशारी कसली होती बघा : नदीचं पाणी चमकवायचं असलं तर हजारो ठिपके पुन्हा रंगवायचे नाहीत, यादीतले दोन-चार रंग फिरवायचे, की झाली नदी वाहती! मेमरी महाग होती तेव्हाची ही काटकसर.

आजचा पडदा असे आकडे घेत नाही. त्याला प्रत्येक ठिपक्याचा पुरा रंग हवा, चार बाइटचा. विंडोज ८ पासून २५६ रंगांचा पडदा खरा उरलाच नाही. विंडोज फक्त तसं सोंग वठवतं. म्हणजे तुम्ही आकड्यांचा कागद बाईंना दिला, त्यावर कोणीतरी बसून रंग भरले आणि मग तो फळ्यावर गेला. ८०० गुणिले ६०० च्या पडद्यावर ४,८०,००० ठिपके. हे एकदा नव्हे, दर सेकंदाला कित्येकदा! त्यातून जुन्या खेळांना आणखी एक खोड असते. पडद्यावर आधी काय काढलंय ते वाचून त्यावर पुढचं काढायचं. ‘बाई, माझं चित्र जरा परत द्या ना, बघायचंय.’ पूर्वी ते हाताशीच असायचं. आता ते ग्राफिक्स चिपच्या ताब्यात गेलेलं असू शकतं. तिथून ते परत मागवायचं म्हणजे चिपने हातातलं काम थांबवायचं, प्रत द्यायची, आणि तोवर खेळाने ताटकळत उभं राहायचं. आपल्या पत्रातले घोडेस्वार बहुधा इथेच, या रांगेत उभे आहेत. लॅपटॉप धडधाकट आहे, बाबा!

रंगांच्या यादीवरून आठवलं. व्हिस्टा आणि विंडोज ७ वर याच खेळात दुसरीच मजा व्हायची. खेळ चालू असताना विंडोजचा दुसराच एखादा भाग त्या यादीत ढवळाढवळ करायचा आणि नद्या जांभळ्या, गवत लालभडक! खेळणाऱ्यांनी त्यावर उपाय काढला तो असा : ज्या प्रोग्राममुळे पडद्यावर खालची पट्टी आणि चित्रं दिसतात तो ‘एक्सप्लोरर’च बंद करायचा, खेळायचं, मग तो पुन्हा चालू करायचा. उपाय रांगडा, पण लागू पडायचा.

आता दुसरं कारण, घड्याळाचं. हे मला जास्त गमतीचं वाटतं, कारण इथे खेळाने पाप केलेलंच नसतं. चांगला खेळ एक चित्र काढून झालं की क्षणभर डुलकी घेतो, म्हणजे इतर प्रोग्रामना वाव मिळतो. तो विंडोजला सांगतो, ‘मला एका मिलिसेकंदाने उठव.’ पण विंडोजचा नेहमीचा टोला पडतो दर सेकंदाला ६४ वेळा, साधारण १५.६ मिलिसेकंदांनी एकदा. उठायचं ते त्या टोल्यालाच. ज्याला अधिक बारीक टोले हवेत त्याने तसं आधी कळवायचं असतं, आणि कित्येक जुने खेळ ते कळवत नाहीत. तरी त्यांचं निभावत होतं, कारण दुसऱ्या कोणी बारीक टोले मागितले की ते सगळ्यांसाठीच वाजायचे. वाड्यातल्या एका काकूंनी पहाटेचा गजर लावला की सगळा वाडा उठावा, तसं. २०२० च्या मे महिन्यात विंडोज १० ची नवी आवृत्ती आली आणि नियम बदलला : ज्याने गजर लावला, तोच उठेल. वीज वाचावी, बॅटरी टिकावी असा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण काकूंच्या गजरावर उठणारे आळशी खेळ झोपून राहिले.

कागद-पेन्सिल घ्या. खेळाला एक चित्र काढायला १० मिलिसेकंद लागतात आणि १ मिलिसेकंदाची डुलकी. चित्राला ११ लागले, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं. आता टोला १५.६ ला पडणार असेल तर चित्रं किती? ६४. आणि काढायलाच १६ मिलिसेकंद लागत असतील तर? टोला हुकला, पुढचा ३१.२ ला. सेकंदाला अवघी ३२ चित्रं! काम वाढलं थोडंसं आणि वेग झाला निम्मा. आगगाडी एका मिनिटाने चुकली तरी पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर बसावं लागतं, त्यातलाच प्रकार.

तिसऱ्या कारणात फार शिरत नाही. आजच्या प्रोसेसरमध्ये चार, आठ किंवा त्याहून जास्त गाभे असतात. जुन्या खेळांना बहुतेक एकच वापरता येतो. पंगतीत वाढायला आठ जण उभे, पण पळी एकाच्याच हातात! २००७ सालच्या ‘क्रायसिस’चं हेच झालं. तो बनवणाऱ्यांचा अंदाज होता की एकेका गाभ्याचा वेग असाच वाढत जाईल. प्रत्यक्षात गाभ्यांची संख्या वाढली. म्हणून तो खेळ इतक्या वर्षांनंतरच्या भारी संगणकांवरसुद्धा मध्येच धापा टाकतो.

आणि काही खेळ मंद होत नाहीत, नाहीसेच होतात. विंडोज एक्सपीमधला ‘पिनबॉल’ आई-बाबांपैकी कोणीतरी नक्कीच खेळलं असेल. तो ६४ बिटांच्या विंडोजसाठी तयार करायला घेतला, तेव्हा चेंडू आदळायच्या जागी आदळेचना. सुरुवातीलाच दांड्यातून आरपार खाली घसरून जायचा. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी ही हकिकत नंतर लिहून ठेवली आहे. चूक कुठे आहे ते वेळेत सापडेना, म्हणून शेवटी खेळच गाळला.

मग करायचं काय? आधी फुकटातले उपाय. खेळाच्या चिन्हावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कम्पॅटिबिलिटी’ असा भाग दिसेल. तिथे कमी रंगांची आणि जुन्या विंडोजची सोय असते, ती लावून पाहा. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील, तर जुन्या खेळाच्या वाट्याला बऱ्याचदा त्यातली अशक्त चिप येते. विंडोजच्या ‘डिस्प्ले’ सेटिंगमध्ये ‘ग्राफिक्स’ आहे, तिथे त्या खेळासाठी ताकदवान चिप नेमून देता येते. एवढ्याने भागलं नाही तर ‘डीजीव्हूडू’, ‘सीएनसी-डीडीरॉ’ यांसारखे दुभाषे आहेत. हौशी लोकांनी ते लिहून फुकट दिलेत. युक्ती अशी : खेळाच्याच फोल्डरमध्ये ‘डायरेक्टड्रॉ’च्या नावाची दुसरी फाइल ठेवायची. खेळाला वाटतं, हेच विंडोजचं मागचं दार. तो बिनदिक्कत आकडे टाकत राहतो. दुभाष्या ते साध्या मेमरीत गोळा करतो आणि पूर्ण झालेलं चित्र एकाच फटक्यात आजच्या ग्राफिक्स चिपच्या भाषेत सोपवतो. मागे-पुढे खेपा नाहीत. पालकांना एक विनंती : अशी फाइल उतरवताना सोबत बसा आणि ती मूळ लेखकाच्या जागेवरूनच घ्या.

डॉसचे खेळ तर ६४ बिटांच्या विंडोजवर सरळ चालतच नाहीत. त्यांच्यासाठी २००२ पासून ‘डॉसबॉक्स’ आहे. हा संगणकाच्या पोटात चक्क एक खोटा जुना संगणक उभा करतो. प्रोसेसर खोटा, पडदा खोटा, आवाजाचं कार्डही खोटं! त्यामुळे आपल्याला एक दुर्मीळ सोय मिळते : या यंत्राचा वेग आपल्या हातात. डॉसबॉक्समध्ये त्याला ‘सायकल्स’ म्हणतात. साध्या खेळांसाठी सुरुवातीला तो आकडा ३००० असतो. खेळ पेंगत असेल तर लॅपटॉपला दोष देण्याआधी कंट्रोल आणि एफ१२ दाबून आकडा वाढवा. कंट्रोल आणि एफ११ ने कमी होतो. टर्बो बटण परत आलं म्हणा ना.

आता कोणी म्हणेल, जुन्या खेळांसाठी एवढा खटाटोप कशाला? ‘एज ऑफ एम्पायर्स’ची नवी आवृत्ती २०१८ साली निघाली आहे, ती घ्या की. घ्या, उत्तम आहे. पण हे भाग्य फार थोड्या खेळांना लाभतं. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळतच नाहीत, असं त्यात आढळलं. विंडोजने शिस्त लावली याचा मला राग नाही. पूर्वी एक खेळ अडकला की अख्खा संगणक बंद पडायचा, ते दिवस परत नकोत. राग येतो तो खेळ विकून पैसे घेतले आणि त्याची मूळ लिखावटही जपली नाही, अशा कंपन्यांचा. मूळ लिखावट, म्हणजे सोर्स कोड, असेल तर खेळ नव्या यंत्रासाठी पुन्हा बांधता येतो. नसेल तर वर सांगितलेले दुभाषे आणि सोंगं.

या बाबतीत ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची कहाणी ऐकण्यासारखी आहे. शाळांच्या संगणक कक्षात आई-बाबांच्या पिढीने जो राजपुत्र खड्ड्यांत पाडला, तोच हा. जॉर्डन मेकनर या तरुणाने हा खेळ ‘ॲपल २’ संगणकासाठी लिहिला आणि १९८९ साली तो आला. राजपुत्राचं पळणं इतकं खरं वाटतं, कारण मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याची फिल्म काढली आणि त्यावरून चित्रं केली. संगीत वडिलांनी दिलं. अख्खं घरच कामाला! पण खेळाची मूळ लिखावट पुढे हरवली. मेकनरने बरीच वर्षं शोधली. अखेर २०१२ साली त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात एक खोकं सापडलं, त्यात जुन्या फ्लॉप्या. जाणकारांनी त्या हलक्या हाताने वाचल्या. वीस वर्षांहून जुन्या फ्लॉप्या, पण त्यातला मजकूर शाबूत होता! मेकनरने तो सगळ्यांसाठी खुला करून टाकला.

पुढे २०१५ च्या जानेवारीत इंटरनेट अर्काइव्हने दोन हजारांहून जास्त डॉसचे खेळ ब्राउझरमध्ये खेळता येतील असे मांडले, तेही डॉसबॉक्सच्याच आधाराने.

या राजपुत्रावर एक प्रयोग करता येतो. खेळात राजकन्येला सोडवायला बरोबर ६० मिनिटं मिळतात. पण डॉसवरचा हा खेळ मिनिटं घड्याळात बघून मोजत नाही, स्वतःच्या हालचालींवरून मोजतो : सेकंदाला १२ हालचाली, म्हणून ७२० झाल्या की एक मिनिट. यंत्र मंद झालं तर राजपुत्रही मंद आणि त्याचं मिनिटही लांब!

घरी डॉसबॉक्समध्ये हा खेळ असेल तर सुरू करा. स्पेसची कळ दाबली की किती मिनिटं उरली ते दिसतं. सेकंदकाट्याचं घड्याळ शेजारी ठेवा. उरलेल्या मिनिटांचा आकडा बदलला की वेळ टिपा, पुढचा आकडा बदलला की पुन्हा टिपा. मग कंट्रोल-एफ११ ने सायकल्स कमी करत न्या आणि प्रत्येक वेळी खेळातलं एक मिनिट खरं किती सेकंदांचं झालं ते लिहून काढा. राजपुत्राला एका जागी उभा ठेवून एकदा मोजा, पळवत ठेवून एकदा. दोन्हींत फरक पडतो का ते मला हवंच आहे. मोजमापं पाठवताना सोबत सायकल्सचा आकडा आणि कोणतं विंडोज आहे ते लिहायला विसरू नका. तक्ता जमला की याच पानावर छापू.